पहिला धोका कुत्र्याचा

माझी थोरली बहीण घरोघरी जाऊन आजारी माणसं सांभाळायची, आणि या कामात तिच्याइतकी खुळी बाई मी दुसरी पाहिली नाही. मीही तेच काम करते, म्हणून अधिकाराने सांगते.

तिचा पेशंट एक धिप्पाड म्हातारा, एक बाजू लुळी पडलेला. एकदा पलंगावरून पडला म्हणून घरच्यांनी पलंगाचे पाय कापून घेतले. आता म्हातारा पडला तरी त्याला लागणार नव्हतं. त्याला उठवणारीने जमिनीपर्यंत वाकायचं, याचा विचार करायला मात्र कुणाला फुरसत नव्हती. शेजारच्या खोलीत म्हाताऱ्याचा मुलगा आरशासमोर डंबेल्स उचलायचा. दंड कसले कमावले होते म्हणून सांगू! आणि भिंतीपलीकडे माझी काडीसारखी बहीण त्याच्या बापाला काखेत हात घालून उचलायची. घरी येऊन भिंतीला पाठ टेकली की तिला उठवत नसे. वर मला सांगायची, "घरच्यासारखं वागवतात गं मला." घरच्यासारखं! घरची माणसं तर म्हाताऱ्याला हातही लावत नव्हती.

आम्हाला कामावर पाठवणाऱ्या ब्युरोच्या मॅडम एकदा तिथे पाहणीला आल्या. बाई शहाणी होती, हे मान्य करायला हवं. त्यांनी सरळच विचारलं, "या घरात काम करताना तुम्हाला कशाकशाचा धोका वाटतो? जे रोज घडतं आणि ज्याने माणूस कायमचा अंथरुणाला खिळेल, ते आधी सांगा. तिथूनच सुरुवात करू."

म्हाताऱ्याचा मुलगा दारातच उभा होता. माझ्या बहिणीने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कुत्रा."

कुत्रा! दात पडलेला, मोतीबिंदू झालेला, स्वतःच्या शेपटीला घाबरणारा. मग दुसरं काय, तर बाथरूममधली ओली फरशी. तिसरं, विजेचं सैल बटण. कमरेचं नाव तिच्या तोंडून निघालंच नाही. मुलासमोर बापाच्या वजनाचा विषय काढणं बरं दिसलं नसतं म्हणे! मॅडमनी कुत्रा बांधायला सांगितलं, मुलाने तो लगेच बांधला आणि सगळे खूश.

मी घरी तिला फाडून खाल्लं. "तुझी कंबर गेली तर तो कुत्रा येणार आहे का तुला पोसायला?"

"तू उगाच घाबरवतेस. जमतं मला," ती म्हणाली.

महिनाही गेला नसेल, म्हाताऱ्याला खुर्चीत बसवताना तिच्या कमरेत काहीतरी सटकन सरकलं. दोघांनी धरून तिला घरी आणलं. डॉक्टरांनी बजावलं, यापुढे या कामाचं नाव काढायचं नाही. तिच्या जागी ब्युरोने मलाच पाठवलं.

मी पलंग पाहिला आणि आधी शेजारच्या खोलीचं दार वाजवलं. "अहो, इकडे या. वडिलांना त्या बाजूने धरा." मला वाटलं, आता हा कपाळाला आठ्या घालणार. तो मुकाट्याने आला, त्याने धरलं, आणि म्हातारा क्षणात खुर्चीत बसला.

"मावशी कधी बोलल्याच नाहीत," तो म्हणाला. "मला वाटलं, त्यांना सवय आहे."

सवय म्हणे! ठोंब्या कुठला. पण दुसऱ्या दिवशी तो न बोलावता आला, आणि पलंग उंच करायला खाली विटाही त्यानेच लावल्या.

हे मी बहिणीला सांगितलं. वाटलं, कपाळावर हात मारून घेईल, निदान रडेल तरी. ती पडल्या पडल्या म्हणाली, "त्याला कशाला बोलावलंस? आता त्यांना वाटेल, मला जमत नव्हतं."

मला तिचा असा संताप आला! तिला कूस बदलायची होती. बाहेरच्या खोलीत भाऊजी पाय ताणून टीव्ही बघत होते. त्यांना हाक मारायची आणि मग त्यांचं तोंड बघायचं, त्यापेक्षा मीच वाकले, तिच्या पाठीखाली हात घातले आणि तिला एकटीनेच वळवलं.