धम्मरत्नचा पाचवा 'का'

धम्मरत्न ओव्हाळला साधा वडापाव घ्यायचा असला, तरी विचार कोणत्या पद्धतीने करायचा याचा तो आधी विचार करतो. निघोज्याच्या आमच्या कंपनीत तो क्वालिटीला, मी असेंब्लीला. भोसरीहून कंपनीच्या बसमध्ये आठ वर्षं त्याच्या शेजारी बसतोय, म्हणून सांगतो: असा डोकेखाऊ माणूस उभ्या चाकणमध्ये नाही. कंपनीने त्याला एक ट्रेनिंग दिलं आणि आमच्या डोक्याला ताप झाला. बिघाड झाला की पाच वेळा 'का' विचारायचं, मग फायदे, मग धोके, मग मन काय म्हणतं ते. सगळ्याला वेगळा रकाना. घरचा मिक्सर बंद पडला तेव्हाही हा फॉर्म घेऊन बसला. चौथ्या 'का'ला त्याची आई भिमाबाई म्हणाली, "आरं, लाइट गेलीया."

परवाच्या सोमवारी स्टोअरमधल्या मिनलने त्याला खिडकीतूनच सांगितलं, "रविवारी मला बघायला पाहुणे येतायत. तुला काही बोलायचं असेल तर शनिवारपर्यंत बोल."

तीन वर्षं दोघं एका डब्यात जेवतायत. कुणीही शहाणा माणूस जागच्या जागी बोलला असता. हा म्हणाला, "अ‍ॅनालिसिस करून सांगतो."

मला इतका राग आला की दोन दिवस मी बसमध्ये त्याची जागा धरली नाही.

आठवडाभर फॉर्म भरणं चाललं. फायदे एकवीस. धोका एकच: 'ती नाही म्हणेल.'

"भावा, तिनंच विचारलंय ना?"

"म्हणून धोका मध्यम धरलाय," तो म्हणाला.

'मन काय म्हणतं' या रकान्यात त्याने 'वरीलप्रमाणे' असं लिहिलं. खाली तीन सह्या लागतात. 'तयार केले'पुढे स्वतःची केली, 'तपासले'पुढे आईची घेतली. सही करताना ती माउली एवढंच म्हणाली, "कागुद ऱ्हाऊ दे, आता जा की!"

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत तो स्टोअरच्या खिडकीशी उभा राहिला. सोबतीला मागे मी. मिनलने आलेला माल तपासावा तसा कागद वरपासून खालपर्यंत तपासला आणि परत सरकवला.

"पाचवा 'का' कोरा आहे. घेणार नाही."

"सुचला नाही."

"मग तोंडाने सांग. मीच का?"

धम्मरत्नने कागद उलटून मागची बाजू पाहिली. हातमोजे घ्यायला आलेले चार जण मागून ओरडायला लागले, "ओ राव, उरका!"

शेवटी तो पुटपुटला, "तू सुट्टीवर असलीस की डबा तसाच घरी नेतो मी. आईला सांगतो, पोट बिघडलंय."

खोटं कशाला बोलू, माझेच डोळे भरून आले. मिनलने कागद ओढून घेतला, 'मंजूर'पुढे सही ठोकली आणि खाली तारीख टाकली. मागच्या वर्षीच्या जानेवारीतली.

मागची तारीख टाकणं म्हणजे क्वालिटीत महापाप. धम्मरत्नने ती दोनदा वाचली.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तुझा विचार होऊ दे."