मध्यंतरातली हिंदी गोष्ट

गुढीपाडवा: नाट्यमंडळाच्या बैठकीत मध्यंतरातली हिंदी गोष्ट बंद करण्याचे ठरले. जबाबदार, अध्यक्ष. गणेश चतुर्थी: हा निर्णय सभासदांपासून लपवून प्रयोग जाहीर झाला. जबाबदार, कार्यवाह. कोजागरी: प्रयोग झाला आणि मध्यंतरात उठलेल्या बुधवारा या शेजारच्या हिंदीभाषक मोहल्ल्यातल्या बायका परतल्याच नाहीत. जबाबदार, दोघेही.

प्रथा अशी. जवळच्या पेपर मिलमधल्या नोकरीपायी महाराष्ट्रातून आलेली आमची कुटुंबे बुऱ्हाणपुरात दरवर्षी मराठी नाटक करतात. मराठी न कळणाऱ्या शेजाऱ्यांसाठी मध्यंतरात एक जण पडद्यापुढे येऊन झालेली गोष्ट हिंदीत सांगतो. एवढेच नव्हे, तर शेवटही सांगून टाकतो.

अध्यक्षांना जाब विचारला. ते म्हणाले, "काका, शेवट आधीच फोडणे हा नाटकावर अन्याय आहे."

"कोणत्या नियमाखाली?"

"तुम्ही आता कोर्टातच बिऱ्हाड करा!"

संताप आवरला, पण कुतूहल आवरेना. मुळात शेवट सांगायची ही रीत पाडली कोणी? मंडळाचा तसा ठराव नाही, हे मला पक्के ठाऊक होते. म्हणून आमच्या पहिल्या नाटकात सून झालेल्या बाईंकडे गेलो.

त्या हसतच सुटल्या. "अहो, कसला ठराव! मध्यंतरात सासऱ्याची मिशी निघाली, ती काही केल्या चिकटेना. लोक ओरडायला लागले, म्हणून आमच्या ह्यांना पडद्यापुढे ढकललं. हे एवढे घाबरले, की सगळं नाटक हिंदीत सांगून मोकळे झाले. शेवटासकट!"

"आणि प्रेक्षक?"

"बायका उठल्या ना! मला वाटलं, संपलं. तर त्या घरी जाऊन सासवांना घेऊन आल्या. म्हणे, आखिर में बहू जवाब देती है, अम्मा को दिखाना है!"

शेवट कळला की माणूस उठून जातो, असे मी आजवर गृहीत धरले होते. इथे तो कळल्यावर माणसे आणखी माणसे घेऊन आली. हे कसे घडते, याचा उलगडा मला अद्याप पुरता झालेला नाही. पण या बायका पुढच्या वर्षी फिरकल्या नाहीत तर अर्ध्या रिकाम्या सभागृहापुढे आमचे नाटक किती वर्षे तगेल, हे मला स्पष्ट दिसते.

म्हणून माझी मागणी आहे. अध्यक्ष आणि कार्यवाह यांनी बुधवाऱ्यातल्या प्रेक्षकांना बोलावून जाहीर सभा घ्यावी आणि त्यांना न विचारता ही प्रथा कोणत्या अधिकाराने मोडली, याचे उत्तर द्यावे. लेखी खुलासा मी स्वीकारणार नाही. उत्तर तोंडी हवे, सर्वांदेखत हवे, आणि त्या बायकांना कळेल अशा भाषेत हवे.