इनास मेस्त्रीच्या सारख्या गिटारी

कोर्लईच्या किल्ल्याखाली, ख्रिस्ती वाड्यात, इनास मेस्त्रीचं घर होतं. दारं-खिडक्या, होड्यांची डागडुजी, कुणी वारलं तर शवपेटी, असं सगळं सुतारकाम त्याच्याकडे यायचं. त्यावर घर चालायचं. त्याचा जीव मात्र गिटारी करण्यात होता. वाड्यात लग्न असो की क्रुसापुढची प्रार्थना, गिटार वाजल्याशिवाय माणसं घरी जात नसत, आणि गावात गिटारी करणारे दोघेच होते. एक इनास, दुसरा पास्कू, म्हणजे इनासच्या बायकोचा, रेजीनचा, धाकटा भाऊ. दोघं एकाच माणसाच्या हाताखाली शिकले होते, रेजीनच्या बापाच्या. म्हातारा गेला तेव्हा त्याचा चांगला रंधा मुलगा म्हणून पास्कूकडे आला, आणि वर्षाच्या आत त्याला गंज चढला.

इनास लाकूड आणून माळ्यावर टाकायचा आणि पूर्ण सुकल्याशिवाय हात लावायचा नाही. पेटीला फणस, तोंडावरच्या फळीला मुंबईच्या गोदीतून आलेल्या खोक्यांचं देवदार. बाजूच्या पट्ट्या ओल्या करून तापल्या नळीवर वाकवायच्या तर त्या घाईने कधी वाकवल्या नाहीत. सरस स्वतः शिजवायचा. त्याची कुठलीही गिटार घ्या, तारा बोटांना काचत नसत, सूर पडद्यावर नेमका लागायचा, आणि आवाज जसा हिचा तसाच तिचा.

पास्कूचं सगळंच निराळं. लहर लागली की बसायचा, नाहीतर चार-चार महिने समुद्रावर. हाताला येईल ते लाकूड घालायचा. त्याच्या गिटारी पावसाळ्यात फुगायच्या, उन्हाळ्यात तडकायच्या, आणि लोक त्या दुरुस्तीला इनासकडे आणायचे. पण देश स्वतंत्र झाला त्या सुमाराला पास्कूच्या हातून एक गिटार अशी झाली की तिची तार छेडली की बोलणारी माणसं गप्प व्हायची. आवाज पेटीतून उठायचा आणि बराच वेळ घरात राहायचा. इनासने ती वाजवून पाहिली आणि खाली ठेवली.

त्याच वर्षी दोघं रेवदंड्याहून लाँचने मुंबईला गेले. धोबी तलावाच्या एका वाद्यांच्या दुकानदाराने माल बघायला बोलावलं होतं. म्हाताऱ्या मालकाने सगळ्या गिटारी ओळीने भिंतीला टेकवल्या आणि एकेक वाजवत गेला. इनासच्या सगळ्या वाजवून झाल्यावर त्याने मान डोलावली. पास्कूची पहिली गिटार त्याने अर्ध्यावरच ठेवून दिली, दुसरीची तारा बांधायची घोडी हातात येते की काय असं झालं. मग ती गिटार हातात आली, आणि ती त्याने बराच वेळ सोडली नाही.

"हा माणूस मला गिटारी देईल," तो इनासकडे बोट दाखवून आपल्या मुलाला म्हणाला. मग पास्कूकडे वळला. "आणि याने ही एक दिली."

दुकानाचं काम इनासला मिळालं. ती एक गिटारही मालकाला हवी होती, पण ती गावात गिटार वाजवणाऱ्या जुवांवला कबूल केली होती, पास्कू ऐकेना. परत येताना पास्कू लाँचच्या कडेला बसून शिट्टी वाजवत होता. इनासने त्याला विचारलं, "त्या गिटारीत तू काय केलंस?"

पास्कूने डोकं खाजवलं. "काय केलं असेल? फळी संपत आली होती. उरली होती ती घातली."

तो लपवत नव्हता, हे इनासला कळत होतं. लपवत असता तर बरं झालं असतं.

पुढची वर्षं कामाची गेली. इनासच्या गिटारी मुंबईला जात राहिल्या, एकही परत आली नाही. रेजीन खूश होती. पण जुवांव वाड्यात कुठे वाजवायला बसला की इनास काहीतरी निमित्त काढून उठायचा. रेजीनच्या ते ध्यानात आलं होतं. एकदा ती म्हणाली, की तुझं काम चांगलं आहे असं सगळे म्हणतात, मग तुला होतं काय? इनासने तिला सांगितलं, की सगळे चांगलं म्हणतात हे खरंच आहे.

पास्कूला कावीळ झाली आणि पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात तो गेला. त्याची शवपेटी इनासनेच केली. दुसरी तशी गिटार पास्कूच्या हातून झालीच नव्हती, आणि त्याचं त्याला काही वाटलंही नव्हतं.

पुढच्या वर्षी जुवांव ती गिटार घेऊन आला. घोडी एका बाजूने उचलली होती. थोडा सरस लावून दाबून ठेवायची, दोन दिवसांचं काम. जुवांव गिटार ठेवून गेला. इनासने घोडी चिकटवली. मग गिटार मांडीवर उलटी घेतली, आणि सरस सोडवायला सुरी तापत ठेवली.

पाठीची फळी त्याने काठाकाठाने इतकी हळू सोडवली की लाकडाला ओरखडाही उठला नाही. आत पाहिलं तर सगळी घिसाडघाई. आधाराच्या पट्ट्या वाकड्या, एक तर अर्ध्यावरच संपलेली. सरसाचे गोळे तसेच सुकलेले. तोंडाची फळी एका अंगाला कागदासारखी, दुसऱ्या अंगाला जाड, वर पटाशीचे वण. यात शिकण्यासारखं काय होतं? तरी त्याने दोऱ्याने सगळी मापं घेतली. वाकडेपणाही मापला. त्या मापांवर नवी गिटार केली, मुद्दाम सरसाचे गोळेसुद्धा ठेवले. तारा चढवून वाजवली. आवाज इनासच्या गिटारीचाच आला.

मग त्याने जुवांवच्या गिटारीची पाठ परत बसवली. सांधा इतका बेमालूम झाला की त्यालाही शोधून सापडेना. तारा चढवल्या. त्याने एकदा छेडलं, पुन्हा छेडलं. सूर नेमका होता, आवाज स्वच्छ होता. घरात राहणारं जे काही होतं ते गेलं होतं. त्याने पाठ दोनदा सोडवून दोनदा बसवली. काही परत आलं नाही.

जुवांव आला, बसला, वाजवली. परत वाजवली.

"घोडी पक्की बसली," तो म्हणाला.

"मी ती उघडली होती," इनास म्हणाला. "पाठ काढली होती."

जुवांवने गिटार उलटी करून पाहिली, पाठीवरून हात फिरवला. रागावला असता तर इनासने ऐकून घेतलं असतं. पण तो एवढंच म्हणाला, "जुनी झाली होती, मेस्त्री. तारांचंही असेल." आणि गिटार काखेत मारून गेला. त्यानंतर लग्नांत तो वाजवायचा, लोक नाचायचे, पण बोलणारी माणसं बोलत राहायची. काही वर्षांनी तो बोटीवर नोकरीला लागला आणि गिटार कुणाला तरी देऊन गेला.

पाठ काढल्याचं इनासने घरात कुणाला सांगितलं नाही. रेजीनला भावाची तेवढीच एक आठवण कानाला उरली होती. ती एकदा म्हणाली, की पास्कूची गिटार हल्ली थंड वाटते. इनास रंधा मारत होता, तो मारत राहिला.

बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला तो नव्या गिटारी घेऊन धोबी तलावाला गेला. म्हातारा मालक केव्हाच वारला होता, मुलगा गल्ल्यावर होता. भिंतीवर कारखान्याच्या गिटारी टांगल्या होत्या, तकतकीत, एकीसारखी एक. इनासने एक काढून वाजवली. वाईट नव्हती. दुसरी वाजवली, तीही तशीच. मालकाचा मुलगा संकोचून म्हणाला, की तुमचं काम नीटच असतं, पण आता हे कारखानेवाले पाठवतात, हव्या तेवढ्या पाठवतात. इनासने मान हलवली. हातातली गिटार त्याने परत भिंतीवर टांगली.

आणलेल्या गिटारी परत घेऊन तो लाँचने रेवदंड्याला आणि तिथून तरीने खाडी ओलांडून घरी आला. गिटारी माळ्यावर गेल्या. दुसऱ्या दिवशी कोंडाजी नावाचा शेतकरी गोठ्याच्या दाराचं माप द्यायला आला. "घाई न्हाय मेस्त्री," तो म्हणाला, "पावसाच्या आधी झालं म्हंजे झालं."

इनासने गिटारीसाठी माळ्यावर ठेवलेली फणसाची सुकी फळी खाली काढली आणि त्या दाराला वापरून टाकली.