पाच जागांचा लेम पेटवे

लेम पेटवेचे घोटे मी चार वर्षं बांधले. आमच्या कॉलेजात सरावाआधी प्रत्येक खेळाडू माझ्या टेबलावर चढून बसतो, पाय पुढे करतो, आणि मी चिकटपट्टी गुंडाळत असते तेवढ्या वेळात मनात असेल ते बोलून मोकळा होतो. लेम बोलायचा नाही. एवढा आडदांड मुलगा, दारातून येताना खांदे तिरके करायचा, पण आवाज असा बारीक की मला दोनदा विचारावं लागायचं.

तो अमेरिकन फुटबॉलच्या संघातला पुढच्या फळीचा खेळाडू. पाच धिप्पाड मुलं ओळीनं वाकून उभी राहतात, त्यातला मधला पायांतून चेंडू मागे देतो, आणि चेंडू फेकणाऱ्याच्या अंगावर कुणी येऊ नये म्हणून पाचही जण समोरच्यांना छातीवर घेतात. टाळ्या पडतात त्या चेंडू घेऊन पळणाऱ्याला. या पाचांची नावं त्यांच्या आयांना तेवढी पाठ असतात. लेम त्या पाचांतलाही नव्हता. पाचांपैकी कुणी पडला की आत जायचा, मग जागा कुठलीही असो. बाकीची मुलं त्याला ‘स्टेपनी’ म्हणायची.

शेवटच्या वर्षाआधी, वसंतात, त्याला टेनेसीतल्या एका छोट्या कॉलेजाकडून बोलावणं आलं होतं. ये, मधली जागा तुझी. लेमनं सामान बांधायला घेतलं होतं. पण आमचे कोच हेंब्री गाडी काढून त्याच्या घरी गेले. त्याच्या आईच्या हातचा पीच घातलेला केक दोनदा मागून खाल्ला आणि त्याच्या बापासमोर म्हणाले, “आमचा मधला खेळाडू आता पास होऊन गेलाय. जागा मोकळी आहे. लेम, तू कशाला जातोस पोरा?”

बाप, अल्विन पेटवे, कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा माणूस. मुलाचा सामना त्यानं कधी चुकवला नव्हता. तो म्हणाला, “कोच स्वतः आलेत म्हटल्यावर झालंच की.” लेमनं टेनेसीला नकार कळवला. कॉलेज बदलायची मुदत संपली आणि दार बंद झालं.

ऑगस्टात सराव सुरू झाला. आमच्या अलाबामाचा ऑगस्ट म्हणजे सकाळी सातलाच गवतातून वाफा निघतात आणि चिलटं डोळ्यांत शिरतात. पहिल्या आठवड्यात लेम मधल्या जागी उभा राहिला. माझ्या टेबलावर त्या दिवसांत तो चक्क शीळ घालायचा. मग डाव्या बाजूच्या मुलाचा गुडघा गेला आणि कोच ओरडले, “पेटवे, डावीकडे!” तो सावरतोय तोवर उजव्या टोकाचा मुलगा उन्हानं चक्कर येऊन पडला, त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. “पेटवे, उजवीकडे!” मधल्या जागी कोच रोज वेगवेगळ्या मुलांना उभं करून बघत होते. लेमला तिथं बघायला त्यांना सवडच होईना.

कोच वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं. मागच्या वर्षी दोन मुलं जायबंदी झाली, मागे लेमशिवाय कुणी तयार नव्हतं, आणि आम्ही ओळीनं सामने हरलो. गावात त्यांच्या बायकोला किराण्याच्या दुकानात लोक टोमणे मारायचे. या वर्षी प्रत्येक जागेमागे दुसरा आणि दुसऱ्यामागे तिसरा उभा करायचाच, असं त्यांनी घेतलं होतं डोक्यात. झोपेतही तेच बोलत असतील.

लेम एका दुपारी त्यांच्या खोलीत गेला. खोली माझ्या टेबलाला लागूनच, मधली भिंत पातळ.

“कोच, मला एका जागी उभं करा. हरलो तर हरलो, पण एका जागी.”

“पोरा, पाचही जागा येतात असा माझ्याकडे तू एकटा आहेस. तुला एका जागी खिळवलं तर बाकी चार जागांमागे कोण?”

“तुम्ही घरी बाबांसमोर बोलला होतात.”

“जागा मोकळी आहे म्हणालो होतो. मोकळीच होती.”

मग लेमचा आवाज आला, त्या दिवशी मला एकदाच ऐकून कळला. “माझ्यासारखा दुसरा तयार करून दिला तर?”

कोच हसले. “दे तयार करून. मधली जागा तुझी. माझा शब्द.”

लेमनं हेरलं ओझेल क्रम्प्टनला. नुकताच शाळा संपवून आलेला, गोल चेहऱ्याचा, जेवताना कुणाशी न बोलणारा मुलगा. घरची आठवण काढून न्हाणीघरात रडायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पाय हलके होते त्याचे. सराव संपला की बाकीची मुलं बर्फाच्या टबात जाऊन बसायची आणि हे दोघं इमारतीमागच्या ओकच्या सावलीत उभे. लेमनं कचऱ्याची पिंपं समोर मांडली होती, शत्रू म्हणून.

“ओझेल, हे पिंप तुझ्या आईला शिव्या देतंय. काय करशील?”

“माझी आईच त्याला बघून घेईल.”

“मग आईला आण इथं, तुला कशाला घेतलं?”

ओझेल हसायला शिकला तो तिथं. उकडलेल्या शेंगांची पिशवी मधे ठेवून दोघं शेंगा सोलत बसायचे आणि लेम टरफलं मांडून दाखवायचा, हा इकडे सरकला की तू असा. पोरगा भराभर उचलत गेला. डावीकडे, उजवीकडे, टोकाला. लेम माझ्याकडे येऊन म्हणाला, “मिस विनी, तो तयार होतोय.” एवढा आनंद मी त्याच्या तोंडावर पूर्वी पाहिला नव्हता. शेवटी राहिली मधली जागा. ती शिकवू नये असं मला वाटत होतं, बोलले मात्र नाही. पाच जागा म्हणजे पाच, असं तो म्हणाला. अर्धवट माणूस तयार करून दिला तर कोच उद्या ‘शब्द मोडलास’ म्हणतील, ही त्याला भीती.

आणि नेमका त्या मधल्या जागीच ओझेल त्यासाठीच जन्मल्यासारखा उभा राहिला. चेंडू मागे देऊन त्याचे हात वर येईपर्यंत समोरचा माणूस मागे रेटलेला असायचा. लेमला हे सगळ्यांत आधी दिसलं. तो माझ्या टेबलावर बसला तेव्हा मी विचारलं, “आज कसा होता पोरगा?” तो म्हणाला, “माझ्यापेक्षा चांगला आहे.” आणि मान फिरवून भिंतीकडे बघत राहिला.

हंगामाआधीचा शेवटचा सराव-सामना, आपसांतला. कोचनी दोघांनाही मधे उभं करून पाहायचं ठरवलं. त्या सकाळी दोघं माझ्याकडे एकदमच आले. ओझेलचा चेहरा पांढराफटक.

“लेम, ऐक ना. मी दोन-तीनदा चेंडू हातातून सोडतो. घाम आला म्हणेन.”

लेमनं त्याची कॉलर पकडली. माझ्या हातातलं पट्टीचं रीळ खाली पडलं.

“सोडून तर बघ. तिथंच तुडवीन तुला, कळलं?”

“मी तुझी जागा घेतोय रे!”

“माझी होती कधी?” लेमनं कॉलर सोडली. “मला अशी दिलेली नको. जा.”

ओझेलनं चेंडू सोडला नाही. लेमही चांगला खेळला, खोटं सांगत नाही, पण फरक गॅलरीतल्या पोरींनाही दिसत होता. संध्याकाळी कोचनी लेमला बोलावलं. “तू मला असला पोरगा तयार करून दिलास, पोरा, तुझे उपकार कसे फेडू? आता तो मधे. तू मात्र पाचांच्या मागे हवासच. तुझ्याशिवाय ही फळी उभी राहत नाही.”

“तुमचा शब्द?”

“शब्द माझाच. पण चांगल्याला बसवून तुला खेळवलं तर बाकीची मुलं काय म्हणतील? तूच सांग.”

त्यातच तर लेम अडकला होता. सोडून गेला तर खेळामुळे मिळालेली फी माफीही जाईल, पदवीही अर्धवट. राहिला तर बाक. आणि कोच म्हणत होते ते खोटं नव्हतं. बाहेर येऊन तो माझ्या टेबलाच्या कडेला टेकला आणि म्हणाला, “मिस विनी, मी नापास झालो असतो तर रडलो तरी असतो.” मी त्याचे घोटे सोडवले. दुसरं काय करणार होते?

पहिल्या शनिवारी अल्विन पेटवे दुर्बीण घेऊन गॅलरीत. लेम शिरस्त्राण डोक्यावर चढवून कडेला उभा. कधी डावीकडे चार डाव, कधी उजवीकडे सहा. बाप दर वेळी दुर्बिणीतून शोधायचा आणि शेजारच्याला विचारायचा, “आमचा कुठं गेला हो आता?” त्या वर्षी आम्ही बरेच सामने जिंकलो. वर्तमानपत्रानं कोचच्या राखीव फळीचं कौतुक केलं. मुलाखतीत ओझेलनं लेमचं नाव घेतलं होतं, ते छापून आलं नाही.

घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात शेवटच्या वर्षाच्या मुलांना मानानं सुरुवातीला उभं करतात. कोच म्हणाले, “पहिला डाव मधे तू, लेम. मग ओझेल येईल.” सगळ्यांसमोर म्हणाले, प्रेमानं म्हणाले.

“नको, कोच.”

“अरे, तुझे वडील आलेत.”

“म्हणूनच नको.” आणि तो बाकावर जाऊन बसला. पहिला डाव संपेपर्यंत त्यानं मैदानाकडे पाहिलं नाही. पुढे डाव्या बाजूचा मुलगा लंगडला तेव्हा उठला आणि आत गेला, आणि जीव तोडून खेळला.

पदवी मिळाल्यावर कोचनी त्याला मदतनीस म्हणून ठेवून घ्यायचं म्हटलं, माणसं घडवायचा हात आहे म्हणून. लेमनं सामान गाडीत भरलं आणि मोबील शहरातल्या जहाजांच्या कारखान्यात वेल्डर म्हणून लागला. ओझेलला तिकडून दर रविवारी फोन करतो. अल्विन अजून दर सामन्याला येतो, माझ्या टेबलापाशी थांबून मुलाची खुशाली सांगतो. लेम एकदाही आला नाही. मी विचारलं तर अल्विन टोपी काढून डोकं खाजवतो. “बोलतो येईन, बोलतो येईन. सामन्याचं तिकीट पाठवलं तरी येत नाही हो.”