सात गावांचा करार

नाईकबाबांच्या सात गावांना सरकारने फसवलं. करार केला गोऱ्या साहेबाने, बुडवला आपल्या माणसांनी, आणि तोही पुण्यात, माझ्या डोळ्यांदेखत.

नाईकबाबा महादेव कोळी. भीमाशंकरकडच्या डोंगरातून दर हंगामात हिरडा घेऊन भवानी पेठेत माझ्या वखारीवर यायचे. भाव एकदाच सांगायचे आणि गप्प बसायचे. मी हमाली करून वर आलेला माणूस, घासाघीस हाच माझा धंदा. मी ओरडायचो, हिरडा ओला आहे म्हणायचो, पोतं लाथाडायचो. बाबा शांतपणे पागोटं सारखं करत. "शेट, वरडून झालं? मंग काटा लावा." त्यांच्यासमोर मी एकदाही जिंकलो नाही.

मालाची पावती दिली तर ते परत करायचे. "तुमी तोंडानं बोललात न्हवं? मंग ह्ये कशापायी?" कागदाचा एवढा तिटकारा, पण आज्या-पणज्यांच्या वेळचा एक कागद मात्र वेळूच्या नळीत घालून जिवापाड जपलेला. त्यावर मोडी अक्षरं आणि साहेबाची सही. बाबांना वाचता येत नव्हतं, पण मजकूर तोंडपाठ होता. सात गावांनी घाटाची वाट राखावी, बंडखोरांना थारा देऊ नये. त्या बदल्यात डोंगरमाथ्याचं रान आणि हिरड्याची झाडं चंद्रसूर्य असेपर्यंत त्यांची. "साह्यबानं टोपी काढून बेलभंडारा उचालला व्हता," हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन केलेली शपथ त्यांच्या लेखी सहीपेक्षा मोठी होती.

स्वराज्य आलं आणि काही वर्षांतच रानात सरकारी हद्दीचे दगड रोवले गेले. माथ्यावर वस्ती नको, हिरड्याला हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. हक्क असेल तर मूळ कागद दाखवा, म्हणाले. बाबांना घेऊन मी कचेरीत गेलो. कारकुनाने कागद उलटसुलट पाहिला. "ठेवून जा. मोडी वाचणाऱ्याला दाखवावा लागेल. महिन्याने या."

"पावती द्या," मी म्हणालो.

"अहो, ही सरकारी कचेरी आहे, आपली वखार नव्हे."

मी टेबलावर मूठ आपटली. बाबांनी माझा दंड धरला. "शेट, त्यो म्हनतोय ना ठिवतो म्हनून. इस्वास ठिवायचा." मी त्यांच्यावरही खेकसलो, रागाने बाहेर पडलो. तेवढ्यात कागद आत गेला.

महिन्याने गेलो तर, "असा कागद इथे आलेलाच नाही." पुढच्या महिन्यातही तेच. कचेरीतल्या मोठ्या साहेबाला भेटायला गेलो, तर शिपायाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. शेवटच्या खेपेला बाबांनी धोतराच्या सोग्यातून बेलाचं पान आणि हळद काढली आणि कारकुनाच्या टेबलावर ठेवली.

"उचला. कागुद घेतला न्हाई म्हना. मंग म्या पुना ही पायरी चढनार न्हाई."

"आजोबा, हे देवघर नाही," कारकून म्हणाला. आजूबाजूचे हसले. मग त्यानेही हसतच ते पान उचललं. "नाही घेतला. झालं समाधान?" आणि हात झटकून टेबलावरची हळद फाइलीने खाली लोटली.

बाबा उठले. जिन्यात मी त्यांच्यापुढे आडवा झालो. "खोटी शपथ घेतली त्याने! वकील लावू, कोर्टात जाऊ!"

"खोटी घेतली, म्हाईत हाय. पर म्या शबुद दिलाय. आता यायचं न्हाई."

मी त्यांना मूर्ख म्हणालो. तोंडावर म्हणालो. ते मला वळसा घालून जिना उतरले. त्यांनी शब्द पाळला. हक्काच्या सुनावणीच्या तारखेला मी एकटाच गेलो. हक्कदार हजर नाही म्हणून प्रकरण निकाली निघालं. पावसाळ्याआधी माथ्यावरची घरं पाडली. माणसं खाली उतरली, बरीचशी वारज्याकडे बांधकामावर खडी फोडायला लागली. बाबा तिथेच पत्र्याच्या खोपटात वारले. मी पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. हिरड्याचा धंदा मी त्याच वर्षी सोडला.

कारकूनसाहेब, आपण पुढे बढती घेऊन निवृत्त झालात, असं ऐकतो. आपलं नाव मला ठाऊक आहे. इथे लिहीत नाही, एवढी सभ्यता माझ्याकडून. कागद फाडलात, विकलात, की वरून कुणी मागितला म्हणून दिलात? त्या माणसाने आपल्याला एकदाच विचारलं होतं. मी पुन्हा विचारतो आहे, आणि मी काही पायरी न चढण्याचा शब्द दिलेला नाही. उत्तर द्या.