सरपंच रानात गेलेत

शिरूरला बियाण्यांच्या दुकानाच्या वर इंग्रजी बोलायला शिकवणारा एक क्लास आहे. दुपारी दोन ते तीन, फक्त बायकांसाठी. चाळिशी उलटल्यावर मी तिथं नाव घातलं, कारण मला नोकरी हवी होती. एमआयडीसीतल्या एका कंपनीला आसपासच्या गावांत फिरून शाळा, पाणी, बचत गट असली कामं बघणारी बाई पाहिजे होती. गावं माझ्या पायाखालची. पण कंपनीच्या मोठ्या साहेबांना मराठी येत नव्हतं, म्हणून मुलाखत इंग्रजीत. स्वतःसाठी म्हणून काही मागावं असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं, आणि इतकं वाटत होतं की भाकरी थापताना मी तव्याला 'गुड मॉर्निंग सर' म्हणायचे.

क्लासच्या मॅडम वयानं माझ्या निम्म्या. एके दिवशी त्यांनी 'यूज्ड टू' शिकवलं. जे पूर्वी होतं आणि आता नाही, ते असं सांगायचं. वर 'नो लाँगर' म्हटलं की दाराला कडी. आम्हा बायकांना हे इतकं आवडलं की काही विचारू नका. एकजण म्हणाली, मी यूज्ड टू बारीक. दुसरी म्हणाली, "माय मदर-इन-लॉ यूज्ड टू टॉक." मॅडम म्हणाल्या, वाक्य पूर्ण करा. ती म्हणाली, "झालं की पूर्ण. आता न्हाई बोलत. लई शांतता हाय." खालून बियाणेवाला वर आला, काय पडलं का म्हणून विचारायला.

माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि एका दमात म्हटलं, "माय हजबंड यूज्ड टू बी सरपंच." मॅडम व्हेरी गुड म्हणाल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही खूश होऊन खाली बसले.

वाक्य बरोबर होतं. माहिती चूक होती. सरपंच मी होते.

आता यावर शहरातली माणसं हसतील, पण आमच्याकडे ही चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. जागा बायकांसाठी राखीव झाली, मी उभी राहिले, निवडून आले. गुलाल मात्र मालकांच्या डोक्यावर पडला. मालक म्हणजे माझे यजमान. त्या दिवसापासून सगळं गाव त्यांना सरपंच म्हणू लागलं आणि मी वहिनी होते ती वहिनीच राहिले. पंचायत समितीतून फोन यायचा, "सरपंच आहेत का?" मी पदराला हात पुसत सांगायचे, "न्हाईत, रानात गेलेत." मी! चालू मुदतीतली सरपंच! फोन ठेवून पुन्हा कालवणाकडे वळायचे, आणि मला त्यात काही चुकतंय असं वाटायचंही नाही.

कागद घरी यायचे. ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. ते ओट्यापाशी रजिस्टर धरायचे, मालक बोट ठेवायचे, "हितं सई कर," आणि मी पिठाचा हात झटकून सही करायचे. पहिली दोन वर्षं मी अशा किती सह्या केल्या असतील, देव जाणे.

मग मला चष्मा लागला. नवा चष्मा घरी आला त्याच दिवशी भाऊसाहेब कागद घेऊन आले. चष्मा नीट बसलाय का बघावं म्हणून मी तो कागद वाचला. नुसती काचांची परीक्षा, दुसरा काही हेतू नव्हता. कागदात लिहिलं होतं की शाळेमागचं मुलींचं शौचालय बांधून पूर्ण झालं असून वापरात आहे. मी सकाळीच तिकडून आले होते. तिथं एरंडाची झाडं होती आणि एक शेळी.

"भाऊसाहेब," मी म्हटलं, "ह्ये कुठं बांधलंय?"

भाऊसाहेबांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी भाऊसाहेबांकडे. तेव्हा कळलं की मालकांनीही कागद वाचला नव्हता. भाऊसाहेबांनी पेन्सिलीनं जिथं खूण केली असेल तिथं ते बोट ठेवायचे, एवढंच. भाऊसाहेब म्हणाले, मार्चअखेर आहे, काम होणारच आहे, कागद फक्त थोडा पुढं गेलाय. मी म्हटलं, काम कागदाला गाठू द्या, मग सही. घरात आठ दिवस अबोला. पण जूनमध्ये शाळा भरली तेव्हा शौचालय उभं होतं, दाराला आतून कडीसुद्धा होती. ती कडी मी स्वतः दहा वेळा लावून काढून पाहिली, आणि आत एकटीच हसत राहिले. त्यानंतर मुदत संपेपर्यंत न वाचता एकही सही केली नाही.

तर क्लासमधून त्या दिवशी मी तरंगतच निघाले. एसटीच्या खिडकीतून दिसेल त्याला यूज्ड टू लावत सुटले. ही विहीर यूज्ड टू गोड. या फ्लेक्सवरचे नेते यूज्ड टू दुसऱ्या पक्षात, आणि त्याच्या आधी यूज्ड टू याच पक्षात. शेजारची म्हातारी मला बघून सरकून बसली.

घरी आले तर मालकांनी नोकरीचा अर्ज झेरॉक्सच्या दुकानातून इंग्रजीत भरून आणलेला. खरंच मायेनं आणला होता, ते मी नाकारत नाही. "तुला जमायचं न्हाई म्हनून भरून घेतला. हितं सई कर." मी त्या वेळी यूज्ड टूच्या नशेत. केली सही.

मुलाखतीला समोर दोघं होते, मोठे साहेब आणि एक मराठी बाई. साहेबांनी अर्ज वाचला. इंग्रजीत म्हणाले, तुमचे यजमान माजी सरपंच. तुम्ही गृहिणी. मग गावाच्या कामाचा तुमचा अनुभव काय?

मी अर्ज ओढून घेतला. खरंच तसं छापलं होतं. खाली माझी सही, अगदी वळणदार. मनात आलं, झेरॉक्सवाल्यावर ढकलावं. मालकांवर ढकलावं. पण एवढं ढकलायला इंग्रजी कुठून आणू? मला येत होतं ते एकच वाक्य तोंडातून बाहेर पडलं.

"सर, आय वॉज सरपंच. आय यूज्ड टू साइन विदाउट रीडिंग."

साहेब खुर्चीत पुढं सरकले. मग मी तुटक्या इंग्रजीत शौचालय सांगितलं, एरंड हातानं दाखवला, शेळी तर ओरडून दाखवली. "देन स्पेक्टॅकल्स, सर. आफ्टर स्पेक्टॅकल्स, नो लाँगर."

साहेबांनी अर्जावरच्या सहीवर बोट ठेवलं. "अँड धिस?"

खोटं बोलता आलं असतं. मला नोकरी फार हवी होती.

"धिस ऑल्सो विदाउट रीडिंग," मी म्हटलं. "लास्ट वीक. सॉरी सर. नाऊ, नो लाँगर."

ती मराठी बाई टेबलावर डोकं ठेवून हसली. साहेबही हसले. पण नोकरीबद्दल कुणी काही बोललं नाही, आणि परतीच्या एसटीत मला एकही यूज्ड टू सुचला नाही.

पंधरा दिवसांनी कुरिअर आलं. नेमणुकीचं पत्र, अटींची अकरा पानं, सगळी इंग्रजीत. मी अंगणात गोल फिरले, कोंबड्या पळाल्या. मालकांनी सवयीनं शेवटचं पान उघडलं आणि बोट ठेवलं, "हितं..." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी ते आपण होऊनच उचललं.

"वाच आधी," म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.

मी डिक्शनरी घेऊन ओसरीवर बसले. तिसऱ्या पानावर असताना फोन वाजला. मालकांनी उचलला. फोनचा आवाज त्यांचा नेहमी मोठा असतो, त्यामुळे पलीकडचं मला ऐकू आलं, "सरपंच आहेत का?"

मालकांनी दारातून ओसरीवर माझ्याकडे डोकावून पाहिलं.

"हायेत," ते म्हणाले. "पर वाचायला बसल्यात. येळ लागंल."

माझी मुदत संपून तीन वर्षं झाली होती. मी त्यांची चूक काढली नाही.