भावाची खातरजमा

माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये तो वेल्डिंग करायचा. वडील शेजारच्याच कारखान्यात हेल्पर होते. आम्ही मूळचे खर्ड्याचे, पण मला कळायला लागलं तेव्हापासून आमचं घर म्हणजे नागापुरातल्या पत्र्याच्या चाळीतली दुसरी खोली. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं असताना भाऊ मुंबईच्या एका एजंटामार्फत आखाती देशात गेला. सुरुवातीला पत्रं यायची. कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याकडे दोनदा फोनही आला, तेव्हा आई धावत गेली आणि फोनवर नुसतीच रडली. मग पत्रं थांबली. वडील मुंबईला जाऊन आले. एजंटाच्या जागी चपलांचं दुकान झालं होतं. दुकानदाराला आधीच्या भाडेकरूचं नावही माहीत नव्हतं.

दशक संपत आलं तेव्हा मी नगरात कॉम्प्युटरचा कोर्स करत होते. त्याच सुमारास दिल्ली गेटजवळ इंटरनेटचं एक दुकान निघालं. मालक एक मुसलमान तरुण होता. घरचा कापडाचा धंदा सोडून त्यानं दोन कॉम्प्युटर मांडले होते. पुण्याला फोन लागला की इंटरनेट जोडलं जायचं, आणि तो लागेपर्यंत आम्ही नुसतं त्या खरखरीकडे कान लावून बसायचो. परदेशातल्या मराठी माणसांची एक साइट होती, तिथे कुणालाही निरोप लिहिता यायचा. मी भावाचं नाव, गाव, काम आणि माझा ईमेलचा पत्ता लिहून ठेवला. काही होईल असं वाटलं नव्हतं.

पावसाळा सरता सरता उत्तर आलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. "मी तुझा भाऊ. आई कशी आहे?"

मी ते कागदावर छापून घेतलं आणि सायकल दामटत घरी आले. आईनं तो कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती त्याच्याकडे पाहत राहिली. वडिलांनी चष्मा लावला, कागद उलटसुलट केला.

"यात त्याचं अक्षर कुठं हाय?" ते म्हणाले.

"आण्णा, यात अक्षर नसतं. सगळ्यांचं सारखंच दिसतं."

"मग हा त्योच कशावरनं?"

दुसऱ्या दिवशी मी दुकानाच्या मालकाला विचारलं की हा माणूस कोण, कुठून लिहितो, हे शोधता येईल का. त्यानं बरीच खटपट केली.

"ताई, हा फुकटचा ईमेल आहे. कुणीही कुणाच्याही नावानं उघडतं," तो म्हणाला. "तुम्ही त्याला असं काही विचारा, की घरच्याशिवाय कुणाला माहीत नसेल."

तेव्हापासून आमच्या घरात प्रश्न तयार होऊ लागले. वडील कामावरून आले की चहा घेता घेता सुचवायचे आणि मी लिहून न्यायचे. पायावर कसली खूण आहे? उत्तर आलं, डाव्या घोट्यावर, बुटात ठिणगी गेली होती. बरोबर. जाताना आईनं बरोबर काय दिलं होतं? शेंगदाण्याची चटणी, आणि डबा तुझा शाळेचा होता. हे वाचताना दुकानातच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो डबा खरंच माझा होता, झाकणाला पोचा आलेला. मी तो द्यायला तयार नव्हते आणि त्यावरून आमची भांडाभांडी झाली होती.

"आता आनखी काय पायजे तुमाला?" आई वडिलांना म्हणाली. तिनं त्या दिवशी गोड केलं, शेजारणीला दिलं.

पण खर्ड्याच्या घरासमोर कसलं झाड होतं, याचं उत्तर आलं लिंबाचं. आमच्या दारात बाभूळ होती. वडिलांनी कप खाली ठेवला.

"चार वर्साचा हुता तवा गाव सोडलं आपन," आई म्हणाली. "त्याला काय ध्यानात ऱ्हाणार?"

त्यानंतरच्या ईमेलमध्ये त्यानं कागद मागितले. इथल्या कामाच्या मालकानं पासपोर्ट काढून घेतलाय, परत देत नाही, नवा काढायचा तर शाळेचा दाखला आणि रेशनकार्डाची झेरॉक्स पाठवा. सोबत एक पोस्टाचा पत्ता होता. परदेशातला नाही, मुंबईचा. एक मित्र सुट्टीवर आलाय, तो घेऊन येईल, असं लिहिलं होतं.

आईनं लगेच पेटी उघडली. वडिलांनी तिचा हात धरला आणि ईमेलचा कागद कारखान्यातल्या एका साहेबांना दाखवून येतो म्हणाले. साहेबांनी सांगितलं, असं करू नका. दुसऱ्याच्या कागदांवर पासपोर्ट काढणारी माणसं असतात. उद्या तुमच्या मुलाच्या नावानं भलताच कुणी फिरेल आणि त्यानं काही केलं तर पोलीस तुमच्या दारात येतील. पण साहेब हेही म्हणाले, की तिकडे मालक पासपोर्ट काढून घेतात, हे मात्र खरं आहे.

"एकच प्रश्न विचारायचा," वडील घरी येऊन म्हणाले. "त्याचं उत्तर आलं तर कागद पाठवू. लिही. आपन किती भावंडं?"

मला हसू आलं. "आण्णा, हा काय प्रश्न आहे? दोन."

आई चुलीपाशी पाठमोरी बसली होती. तशीच म्हणाली, "तुज्या पाठीवर एक पोरगी झाली हुती. सिव्हिलमंदीच गेली. तुजा दादा डबा घिऊन यायचा माला. त्यानं तिला मांडीवर घेतलं हुतं."

मला बहीण होती, हे मला असं कळलं. मी प्रश्न लिहून घेतला, पण पुढचे काही दिवस घरात वावरताना मला कुणाकडे पाहावं तेच समजेना.

उत्तर आलं. "असं का विचारतेस? आपण दोघंच."

वडिलांनी ते ऐकलं आणि उठून बाहेर जाऊन उभे राहिले. आत आले तेव्हा त्यांचा आवाज कोरडा होता. "आपला न्हाई त्यो."

"अवं, पन आपनच सांगितलं हुतं त्याला," आई म्हणाली. "कुनी इचारलं तर दोनच म्हनायचं. तिचं नाव काडायचं न्हाई घरात. त्यानं तेच सांगितलं आसंल."

"मला सांगितलं आसतं. बापाला सांगितलं आसतं त्यानं."

त्यांनी मला मजकूर सांगितला. तू कोण आहेस ते आम्हाला कळलं आहे. कागद मिळणार नाहीत. आम्ही पोलिसांत जात आहोत. मी तसंच टाइप केलं आणि पाठवलं. दुकानाचा मालक मागे उभा होता. तो म्हणाला, "बरं केलंत ताई, वाचलात." मलाही त्या क्षणी तसंच वाटलं.

पोलीस चौकीत हवालदारानं आमचे छापील कागद चाळले. ईमेल हा शब्द त्यानं तीनदा विचारून घेतला. "यावर सही नाही, शिक्का नाही. तक्रार कुणाविरुद्ध लिहू?" असं म्हणून त्यानं कागद परत दिले. मुंबईच्या पत्त्यावर वडील स्वतः जाऊन आले. ती एक खाणावळ होती. तिथे कुणाचंही टपाल यायचं आणि कुणीही येऊन न्यायचं.

त्यानंतर एकही ईमेल आला नाही. मी रोज जाऊन पाहायचे.

एक दिवस आई माझ्याबरोबर दुकानात आली. त्याआधी ती कधी आली नव्हती. खुर्चीवर न बसता उभीच राहिली, पदर डोक्यावर घेऊन.

"मी लई इचार केला," ती म्हणाली. "त्यो आपला नसंल. तुजे आण्णा म्हनतात तसंच आसंल. पन डब्याचं त्याला कुनी सांगितलं? पायाचं कुनी सांगितलं? त्यो माज्या लेकराजवळ ऱ्हायलाय. एका खोलीत जेवलाय. आपुन त्याला, तू कोन, तू कोन, म्हनून हाकलून दिलं. आगं, त्याला इचारायचं हुतं की माजा पोरगा कुठंय."

घरात इतके दिवस प्रश्न शोधले जात होते आणि हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला सुचला नव्हता.

"आता लिही," ती म्हणाली. "म्हनावं, तू कोन का आसंना. आमी पोलिसात जानार न्हाई. कागद पायजेत तर घिऊन जा. त्याचं काय झालं तेवडं सांग."

कागदांचं वाक्य लिहू नये असं दुकानाच्या मालकानं मला हळूच सुचवलं. मी ते लिहिलं. उत्तर आलं नाही. पुढच्या आठवड्यात आईनं पुन्हा लिहायला लावलं, मग पुन्हा. वडिलांना आम्ही सांगितलं नव्हतं. त्यांना कळलं असावं, पण ते बोलले नाहीत. हिवाळा संपला आणि एक दिवस माझाच ईमेल परत आला. असा पत्ता आता नाही, एवढाच इंग्रजी मजकूर. दुकानाचा मालक म्हणाला, बरेच दिवस कुणी उघडलं नाही की कंपनी बंद करून टाकते.

आई नंतर दुकानात आली नाही. माझा कोर्स संपला, मला देवळाली प्रवऱ्याला एका ऑफिसात टायपिंगची नोकरी लागली. भावाचा पत्ता लागला नाही. तो कुठे गेला आणि आम्हाला लिहिणारा कोण होता, हे आजही आम्हाला माहीत नाही.

काही वर्षांनी वडील वारले. खर्ड्याहून माणसं आली होती. उचलायच्या आधी कुणीतरी चुलत्यांना विचारलं, "पोराला कळवलं का?" चुलत्यांनी आईकडे पाहिलं. आई खाली बघत होती. मग त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि चला म्हणाले.